रविवारचं गरम पाणी

आमच्या घरमालकांना, म्हात्रेकाकांना, माझी आंघोळ तोंडपाठ आहे. मी घणसोली गावात भाड्यानं राहतो. बिल्डिंगला सोलर एकच, आणि प्रत्येक मजल्याच्या गरम पाण्याला वेगळा व्हॉल्व्ह. आधी ते गच्चीवर होते, तर भाडेकरू एकमेकांचे बंद करायचे. शेवटी काकांनी सगळे स्वतःच्या मोरीत बसवून घेतले. तेव्हापासून आंघोळीआधी फोन करायचा, "काका, दुसऱ्या मजल्याचं पाणी सोडा."

मला स्थळ आलं. मुलीचे वडील साताऱ्याहून चौकशीला आले, ते थेट काकांकडे. "मुलगा कसा आहे?"

काका म्हणाले, "पोरगा सोन्यासारका हाय. पन रविवारी आंगोल करीत नाय."

लग्न ठरलं. आता दर रविवारी सकाळी काकांना साताऱ्याहून फोन येतो, "दुसऱ्या मजल्याचं पाणी सोडा."