सात ठिपके

एका काजळाच्या डबीनं माहा अख्खा दिवस खाल्ला, ते सांगतो.

कारधा गावची सात वर्षांची पोरगी. झटके यायचे तिले. ते मेंदूत कुठून उठतात हे शोधाले मेंदूतल्या विजेचा आलेख, म्हणजे ईईजी, आणि एमआरआयचा फोटो एकावर एक जुळवा लागते. मी तारांची टोपी घालून ईईजी काढला अन् नाकाच्या वर, दोन्ही कानांपुढं पेनानं खुणेचे तीन ठिपके देऊन त्याईच्या जागा मोजल्या; एमआरआयच्या वेळी त्याच ठिपक्यांवर फोटोत दिसणाऱ्या गोळ्या चिकटवा लागतात. तिच्या आजीले म्हटलं, "उद्या एमआरआय होईपर्यंत पुसू नका."

दुसऱ्या दिवशी पाहतो तं सात ठिपके.

"आजी, हे काय?"

"तुमी तीनच तिटा लावल्या होत्या. एवढ्या मोठ्या मशीनीत जाऊन राहिली पोरगी, म्हणून मी चार वाढवल्या. तुमच्या फिक्या झाल्या होत्या, त्याईवरही काजळ फिरवलं."

माहे ठिपके कोणते, ओळखूच येईना. खूण बोटभर सरकली तं मेंदूतली जागाही सरकते. सगळं पुसून टोपी पुन्हा चढवली, नवे तीन ठिपके देऊन पुन्हा मोजलं.

आजी हळूच म्हणाली, "एक तरी राहू द्या नं बापा."

कानामागं एक लावू दिली, अन् तेही मोजून घेतली.

ते फाइल अजून माह्या कॉम्प्युटरवर हाये. त्यात मोजलेल्या खुणांची नावं हायेत: नाक, डावा कान, उजवा कान, आजी.