मांडणी तपासली, बरोबर आहे

आजच्या निवृत्ती समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या प्रयोगशाळेच्या संचालिकाबाई. व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे. सत्कारमूर्ती ताई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि लेक. आणि चहाच्या टेबलाजवळच्या खुर्च्या आधीच धरून बसलेले माझे सहकारी, आपणा सर्वांना सविनय नमस्कार.

ताईंनी सकाळीच मला बजावलंय, "स्तुती करू नकोस, मला कसंनुसं होतं." आज्ञा शिरसावंद्य. म्हणून आज मी ताईंच्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. यजमान हसताहेत, घरी त्यांना ही संधी मिळत नसावी.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. नेहमीचा सेमीकंडक्टर लेसर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान चिप. प्रकाश तिच्या कडेतून बाहेर पडतो आणि पडल्या पडल्या फाकतो. त्याला सरळ करायला समोर लेन्स लागते, आणि ती केसभर सरकलेलीही चालत नाही. ती लेन्स जागेवर बसवणं हे बावीस वर्षं ताईंचं काम. त्या स्क्रू फिरवायला लागल्या की आम्ही शिंकसुद्धा दाबून धरायचो.

आणि मग मी आलो, फोटॉनिक क्रिस्टल घेऊन. नाव भारदस्त, गोष्ट साधी. चिपच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं, चाळणीसारखी ओळीने पाडायची. प्रकाश त्या जाळीत इकडून तिकडे फिरतो, एका तालात येतो आणि वरच्या अंगाने थेट सरळ बाहेर पडतो. लेन्सची गरजच नाही! हे मी ताईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचं टेबल उचलणार का रे?" मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसत हसत हो म्हणालो. आज ते आठवलं की माझे मलाच कान धरावेसे वाटतात.

पाच वर्षं खपून पहिली बरी चिप हाती आली. चाचणी अर्थातच ताईंच्या टेबलावर. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्यातून भिंतीवरचा ठिपका बघायचा. ठिपका हवा होता बटणाएवढा, आला ताटाएवढा. दुसरी चिप लावली. ताट. तिसरी लावली. ताट! आणि नऊ दिवसांवर आढावा समितीची बैठक. या वेळी जमलं नाही तर काम बंद, असं त्यांनी आधीच कळवलेलं. ते नऊ दिवस मी त्या बिचाऱ्या भोकांना शिव्या घालण्यात घालवले. आकार चुकला, खोली चुकली, वरचा थर चढवताना ती बुजली, काय वाटेल ते.

बैठकीत मी पडलेल्या आवाजात अपयश वाचून दाखवत होतो, तेवढ्यात दारात ताई. "मला एक सांगायचंय. सकाळी टेबल पुसायला घेतलं, तर लेन्स जागेवरच होती. त्या दिवशी मीच लावली होती. अर्धा तास खपून, अगदी नेमकी."

आलं ना लक्षात? ज्या लेसरला लेन्स नको, त्याच्यासमोर बावीस वर्षांच्या सवयीच्या हातांनी आमच्याकडची सगळ्यात उत्तम लेन्स बसवली होती. सरळ आलेला प्रकाश तीच एकवटत होती आणि पुढे फाकवत होती. ताईंनी समितीला खोलीत नेलं, सगळ्यांदेखत लेन्स काढली, आणि कॅमेऱ्यात भिंतीवर बटण उमटलं. लहानसं, गोल, देखणं.

समितीच्या प्रमुखांनी विचारलं, "हे जमलं तर तुमचं टेबल जाणार, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे की. म्हणून तर आठ वाजल्यापासून विचार करत बसले होते."

"मग?"

"मग काय! ठिपका गोल आला हो."

अहवालात ताईंनी दोनच वाक्यं लिहिली. मांडणी माझी. चूक माझी.

मंडळी, टेबल खरंच उचललं गेलं. त्या जागी चाचणीची खोली झाली आणि तीही ताईंनीच उभी केली. आज आमची एकही चिप त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. चाचणीच्या तक्त्यावर पहिली ओळ आहे, 'लेन्स काढली का?' तिला सगळे 'ताईंची ओळ' म्हणतात. नवा माणूस आला की मीच ती गोष्ट रंगवून सांगतो. सगळे हसतात. ताईही हसतात.

गेल्या सोमवारी ताईंनी आपला खण रिकामा केला आणि एक जुनी वही माझ्या हातात ठेवली. आमच्याकडे प्रत्येक मांडणीखाली दोन सह्या लागतात, एक मांडणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. त्या दिवसाच्या पानावर लिहिलंय, 'मांडणी तपासली, बरोबर आहे.' खाली सही माझी आहे.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. लेन्स माझ्या नाकासमोर होती, आणि मलाही ती खटकली नाही. बरं, मी हे विसरलो होतो का? नाही. ती गोष्ट सांगून लोकांना हसवताना दर वेळी मला ती सही आठवायची, आणि दर वेळी मी गप्प बसलो. अकरा वर्षं. ताईंनी ते पान अहवालाला जोडलंच नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "अरे, तुझा लेसर वाचवायचा होता. त्यात तुलाच कशाला बुडवायचं?"

आज सकाळी मी ते पान अहवालाला जोडून आलो आहे. तक्त्यावरच्या त्या ओळीला यापुढे 'दोघांची ओळ' म्हणावं, अशी अध्यक्षांना विनंती.

अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुणे वेळात वेळ काढून आले, ताईंच्या घरच्यांनी इतकी वर्षं त्यांना आमच्या हवाली केलं, या सर्वांचे मनापासून आभार. शेवटी वक्त्याने चुकल्यामाकल्याची क्षमा मागायची असते. मी ती आजवर शंभर सभांमध्ये सवयीने मागितली. ताई, आज माझी चूक पान अठ्ठेचाळीसवर, माझ्या सहीनिशी आहे. अकरा वर्षं तुम्ही ती खणात ठेवलीत. आता या सगळ्यांसमोर पोटात घाला.

नमस्कार.