सतरा नंबर कुणाचा?

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या.

"आई, गोळ्या संपून तीन महिने झाले. आता काही त्रासही नाही. पुन्हा तपासणी कशाला?"

"पुन्हा लागण झाली नाही ना, ते बघायला. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिलीय, तर यायचंच."

"आणि यांची?"

"त्याची सकाळीच झाली. मी स्वतः दाराशी उभी होते. आजार त्याने घरात आणला, मान तू का खाली घालतेस?"

"हळू बोला ना. वरच्या मजल्यावरच्या काकू येतायत."

"अगंबाई, तुम्ही इथे? ही तर गुप्तरोगाची खोली ना?"

"हो, पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

"मग दाखवायचंय कुणाला?"

"मला."

"तुम्हाला? या वयात?"

"वयाचं काय घेऊन बसलात! तुम्हाला औषधं घ्यायचीत ना? खिडकी तिकडे आहे."

काकू गेल्या.

"आई, काय केलंत हे! संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळेल."

"कळू दे. तुला नावं ठेवली असती. माझा उलट भाव वाढेल."

"हसवू नका हो."

"सतरा नंबर!" नर्सने हाक मारली.

"जाते मी. पण आई, काकू खिडकीपाशी उभ्या राहून अजून इकडेच बघतायत."

"बघतायत? मग माझा दंड धर आणि मला सावकाश आत ने. पेशंट मी आहे."