गळालेली सोळा पानं

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, आणि पदरमोड करून स्वतःची पुस्तकं स्वतःच छापणाऱ्या, तरीही मागच्या खुर्च्यांत अंग चोरून बसलेल्या लेखक मंडळींनो,

सरांनी सव्वीस वर्षं आपल्या मासिकात अशाच पुस्तकांची परीक्षणं लिहिली. भूतकथा, कविता, मधमाशीपालन. एक पुस्तक तर नुसतं कुलपांवर होतं. सरांना काहीच वर्ज्य नव्हतं. शिस्त मात्र एक: शेवटचं पान वाचून झालं की तिथे पेन्सिलीने तारीख घालायची, मगच लिहायला बसायचं. आम्ही पाठीमागे हसायचो. मी जरा जास्तच.

आता सरांची जागा मला मिळते आहे. नेमणुकीचं पत्र हातात पडण्याआधी एक सांगून टाकतो. अध्यक्षबाई, दोनच मिनिटं.

नऊ वर्षांपूर्वी एका निवृत्त नर्सबाईंची रहस्यकथा माझ्याकडे आली. मी ती चाळली. हो, चाळलीच! आणि झोकात लिहिलं, 'खुनी कोण, हे लेखिकेलाही कळलेलं दिसत नाही.' परीक्षणं तेव्हा बिननावाची असत. महिन्याभराने सरांनी तीच प्रत माझ्यापुढे ठेवली.

"एकशे साठनंतर कुठलं पान येतं?"

"एकशे एकसष्ट, सर."

"बघा जरा."

एकशे सत्त्याहत्तर होतं. बांधणीत सोळा पानं गळली होती आणि खुनी नेमका त्यांतच होता. नीट वाचणाऱ्याच्या हे लक्षात आल्याशिवाय राहिलं असतं का?

माझी नोकरी नवी होती. मी गयावया केली. पुढच्या अंकात 'न वाचता लिहिलं, चूक झाली' असा खुलासा आला, खाली सही सरांची. सर, आता मान हलवू नका, मला बोलू द्या.

परवा सरांचं टेबल आवरताना खणात नर्सबाईंचं पत्र सापडलं. 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. दुसरं पुस्तक लिहीत होते, थांबवलं आहे.' नऊ वर्षं सरांनी हे पत्र मला दाखवलं नाही. मला फार लाज वाटली.

आयोजकांचे, अध्यक्षबाईंचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण मोठ्या मनाने सांभाळून घ्यालच. पण तिसऱ्या रांगेतल्या नर्सबाई, तुम्हाला मीच आग्रहाने बोलावलं. न वाचणारा तो मी. आता दुसरी प्रत मिळवून सगळं पुस्तक वाचलं, शेवटच्या पानावर कालची तारीख घातली. खुनी कोण, हे तुम्हाला पहिल्या पानापासून ठाऊक होतं. मला माफ करा, आणि ते दुसरं पुस्तक पुरं करा.