शिल्लक एकोणीस

नाही, पण मला एक सांगा, संध्याकाळी पाचला विमान उडालं तर तो दिवस देशातला धरायचा की देशाबाहेरचा? तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो. पडतो. पाच वर्षं मी या एका प्रश्नावर काढलीत. इथे परदेशात कायमचं राहायचा परवाना हवा असेल तर नियम सरळ आहे, निदान कागदावर... पाच वर्षं सलग इथे काम करायचं आणि त्या पाच वर्षांत देशाबाहेर राहायचं ते फार तर एकूण दीडशे दिवस. एकशे एक्कावन्नावा दिवस उजाडला की गाडी पुन्हा शून्यावर, पुन्हा पाच वर्षं, पुन्हा दर वर्षी मालकाच्या दारात सहीसाठी उभं राहायचं, आणि मालक... जाऊ दे, मालकाचा विषय काढला तर आज आपण घरी जात नाही.

आमच्या प्रयोगशाळेत, म्हणजे तसली प्रयोगशाळा नाही, आम्ही कवळ्या बनवतो, दंतवैद्य तोंडाची मापं पाठवतात आणि आम्ही दात बसवून देतो, तर तिथे एक प्लास्टर ओतणारा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. वकिली शिकलेला नाही, पण त्याचा अर्ज तीनदा फेटाळला गेलाय, म्हणजे अनुभव दांडगा. तो म्हणाला, "जायचा दिवस देशातला, यायचा दिवस देशातला, मधले तेवढे बाहेरचे." मी म्हटलं, नक्की? तर म्हणाला, "नक्की असतं तर मी प्लास्टर ओतलं असतं का?"

आता दीडशे दिवस तुम्हाला भरपूर वाटतील. मलाही वाटले होते. पहिल्याच वर्षी चुलतभावाच्या लग्नाला गेलो, बारा दिवस. ते लग्न आठ महिन्यांत मोडलं. ती दोघं सुटली, माझे बारा दिवस मात्र गेले ते गेलेच. मग सासूबाईंचा गुडघा, सव्वीस दिवस. मी नुसतं सुचवलं की दोन्ही गुडघे एकदम करून घेतले तर एक खेप वाचेल, तर बायको माझ्याशी तीन दिवस बोलली नाही, आणि ते तीन दिवससुद्धा त्या सव्वीसातच होते हो!

आणि ही सगळी मोजणी करत कोण होतं? मी नाही. बाबा.

बाबा कारखान्यात हजेरी कारकून. चौतीस वर्षं. सातशे माणसांची हजेरी, खाडे, रजा सगळं त्यांच्या हाताखाली. त्यांच्या लेखी माणूस एक तर हजर असतो नाही तर गैरहजर, तिसरा प्रकार त्यांना मान्य नव्हता. डिसेंबर आला की खात्याखात्यातून फिरायचे. "अरे, तुझी साडेपाच दिवस रजा उरलीय, बुडेल. घे. घरी जाऊन झोप, पण घे." लोक कंटाळायचे. पण कारखान्यात कोणाची अर्धा दिवस रजा बुडायला आली तरी आमच्या घरी ते जेवायचे नाहीत धड.

निवृत्त झाले, सातशे माणसं सुटली, सापडलो मी. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. पहिला प्रश्न, "शिल्लक किती?" मी म्हणायचो, चव्वेचाळीस. मग चष्मा लावून कागदावर बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर. माझ्याकडेही चव्वेचाळीस. दिवस जपून वापर." नातीशी बोलायचे, सुनेशी बोलायचे, आणि फोन ठेवताना पुन्हा तेच. दिवस जपून वापर. अहो, मी काय उधळत होतो?

दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा म्हटलं, चला, जन्मभर परक्यांचे दात केले, आपल्या माणसाचे करू. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि मापं घेतली. तोंडात ती लगदा भरलेली पट्टी असताना सुद्धा काहीतरी बोलत होते. काढल्यावर कळलं, विचारत होते, "याला किती दिवस लागतील, आणि ते दिवस कुठले धरायचे?" इकडे येऊन मी कवळी बनवली. सांगतो म्हणून नाही, पण तशी कवळी आमच्या मालकाच्या तोंडातही नाही. बाबा ज्याला त्याला दाखवत सुटले. ताई म्हणाली, "अरे, दूधवाल्याला तोंड उघडून दाखवतात. तो आता पिशवी ठेवून पळतो."

आणि मग हे झालं. अर्जाला सात महिने उरले होते, शिल्लक एकोणीस. रविवारी बाबा बोलत होते आणि मला आवाज आला. टक. परत बोलले, टक. आता सांगा, एकवीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला काय वाटेल? मला वाटलं, कवळी सैल झाली. म्हणजे माझं काम चुकलं. आठवडाभर मला चैन नाही. वकिलाला सांगितलं, तो म्हणाला हिरड्या आक्रसतात, आतून अस्तर भर. मी बाबांना म्हटलं, पुढच्या खेपेला भरून देतो, तोवर ही चिकटवायची पेस्ट पाठवतो. बाबा म्हणाले, "पाठव. घाई नाही." टक.

हिरड्या आक्रसतात. बरोबर आहे. आणि हिरड्या दोन वर्षांत एवढ्या कधी आक्रसतात, तर माणूस झपाट्याने वाळतो तेव्हा. हे मला पाठ आहे. नव्या पोरांना मीच शिकवतो. तोंड बघून सांगू शकतो की या माणसाचं वजन उतरलंय. आणि समोर बाप बसलाय, शर्टाची वरची गुंडी लावून, मी बघतोय काय, तर कवळी! पेस्टच्या चार नळ्या पाठवल्या मी. चार.

मग एका सकाळी ताईचा फोन. रविवार नव्हता, तेव्हाच कळलं.

गेलो. जाऊन पोचलो तोवर करायचं काही उरलं नव्हतं. ताईला विचारलं, कधीपासून आजारी होते? ती म्हणाली, पाच महिने. पाच महिने म्हणजे वीसेक रविवार, वीसेक वेळा शिल्लक विचारून झाली, आणि हा माणूस... ज्याने चौतीस वर्षांत एक खोटी हजेरी लावली नाही, तो मला वीस वेळा म्हणाला, बरा आहे. आणि ताई मागे उभी राहून हसत होती, मी बघितली होती तिला. मी म्हटलं, ताई, एकोणीस दिवस होते माझ्याकडे. तुला ठाऊक होतं.

ताईने स्वयंपाकघराचं दार ओढलं, तर दारामागे बाबांचा कागद. पट्ट्या आखलेल्या, शाई तीच, कारखान्याची. पाच वर्षांतली माझी प्रत्येक खेप, तारखेनिशी, कारणानिशी. चुलतभाऊ, बारा. गुडघा, सव्वीस. सगळ्यापुढे मंजूर, मंजूर, मंजूर. शेवटी शिल्लक एकोणीस आणि खाली दोन ओळी.

वडिलांचे आजारपण. नामंजूर.

वडिलांचे निधन. नऊ दिवस, मंजूर.

खाली सही. तारखेसकट.

तुम्हाला सांगतो, माझ्या रजेचा अर्ज मी केलाच नव्हता आणि तो नामंजूर झाला होता. ताई म्हणाली, "मी भांडले त्यांच्याशी. म्हणाले, तो आला तर उठायचा नाही. मी ओळखतो. आजारपणाची रजा घेऊन गेलेला माणूस वेळेवर परत आलेला मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. एकोणीसचे तीस करील, आणि पाच वर्षं पाण्यात."

आणि बरोबर होतं हो त्यांचं. चीड त्याचीच आहे. मी उठलो नसतो.

नऊ दिवस राहिलो. दहाव्या दिवशी राहून दाखवावं असं फार वाटलं. नाही राहिलो.

पुढे अर्जात सगळ्या खेपांच्या तारखा भरायच्या होत्या. पासपोर्टवरचे निम्मे शिक्के पुसलेले. मी दारामागचा कागद काढून आणला होता, त्यावरून भरल्या. मुलाखतीला खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटर बघत एकेका तारखेवर पेन्सिलीने खूण केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक चूक नाही. म्हणाल्या, "फार नीट ठेवलंय. कोणी ठेवलं?" मी म्हटलं, होते एक कारकून.

परवा परवान्याचं कार्ड मिळालं. त्याच बाई. म्हणाल्या, "अभिनंदन. आता दिवस मोजू नका. वर्षभर जाऊन राहिलात तरी कोणी विचारणार नाही." मी म्हटलं, "आणि ते दहा?" म्हणाल्या, "कुठले दहा?" म्हटलं, "शिल्लक होते. एकोणीसातले नऊ वापरले." बाईंनी माझ्याकडे जरा बघितलं, मग जपून म्हणाल्या, "ते पुढे नाही धरता येत. ते गेले."

गेले. म्हणजे बुडाले. सातशे माणसांची अर्ध्या दिवसाची रजा ज्याने कधी बुडू दिली नाही, त्याने माझे दहा दिवस बुडवले, आणि तेही तो तिथे स्टुलावर जिवंत बसलेला असताना. बाबांची कवळी घेऊन आलोय मी. आतून अस्तर भरून टेबलावर ठेवलीय, आता टक वाजायची नाही. आणि रजेची तक्रार करावी म्हटलं, तर ती ऐकणारा कारकूनच गैरहजर.