गयामावशीचा हंडा

आमी मूळचे कडा गावाकडचे. बाप मेंढरं राखायचा, दुष्काळात चारा न्हाई, पानी न्हाई, मेंढरं इकली आन् मी पिकअप घेऊन दूध संघाला लावली. गावोगावचे दुधाचे क्यान उचलायचे, ऊन चढायच्या आत थंड करायच्या केंद्रावर न्यायचे, ह्यो आपला धंदा.

आता काय सांगू तुमाला, सांगायलाबी लाज वाटती. दुसऱ्या रूटचा बाळ्या मला चढावर रोज मागं टाकायचा, आन् चार मान्सांत हसायचा, कावून बे, गाडी हाकतो का मेंढरं हाकतो. लई झोंबायचं. म्हून नगरला गेलतो. तितं एक मिस्तरी लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कंप्युटरची सेटिंग बदलून देतो, डिझेल वाढवतो, टर्बोचं प्रेशर वाढवतो. मानूस चांगला व्हता. म्हणला, आदी रेडिएटर साफ कर, क्लच बघून घे, तुझा माल जड, ऊन ह्ये आसलं, ताकद वाढली की इंजिन तापनार, थोडकीच वाढवू. मी म्हणलो, वाढंल तेवढी वाढव.

दुसऱ्या दिवशी बाळ्याला चढावर मागं टाकलं. लई बरं वाटलं, खोटं कावून बोलू. आन् चढ सरंस्तोवर काटा लालवर, बॉनेटातून वाफ, गाडी बंद. मागं भरलेले क्यान.

पान्यासाठी खाली वस्तीवर गेलो. तितं टँकर एक दिवसाआड यायचा. गयामावशीच्या म्हशीचं दूध माज्याच गाडीत व्हतं, आन् ती नुकताच हंडा भरून दारात आलती. पानी मागायला माजं त्वांड उघडंना. तिनंच इचारलं, काय झालं रं. मी म्हणलो, मावशी, दूध नासू नये म्हून जोरात आनली, तापली.

ती म्हणली, मंग घे की ह्यो हंडा, म्हशीचं सांजच्याला बघू.

म्हैस दाव्याला उभी, हंड्याकडं बघत व्हती. इंजिन निवू दिलं आन् सगळा हंडा रेडिएटरात वतला. दूध तरी वाचावं का न्हाई? पर केंद्रावर दूध नासलं म्हून समदे क्यान परत केले, तिचाबी.

आता सेटिंग पयल्यासारकी करून घेतलीय. मावशीला पान्याचे दोन ड्रम नेऊन दिले तर ती माज्यावरच रागावली, कशाला रं म्हणली. आजबी क्यान उचलायला गेलो की बायांना सांगती, ह्या पोरानं आपल्या दुधापायी सोताची गाडी जाळून घेतली बगा. मंग डोक्यावरनं हात फिरवती, सावकास जा रं लेकरा, म्हणती. मी व्हय मावशी म्हणतो आन् खाली मान घालून क्यान चढवतो. बाळ्याचं नाव तिच्याम्होरं अजून माज्या त्वांडातून निघालं न्हाई.