टक् टक् की भद् भद्

(थायलंडमधलं चंथबुरी. रस्त्याकडेला लम्याय आणि तिचा नवरा प्रसोंग यांचं दुरियनचं, म्हणजे फणसासारख्या काटेरी फळाचं दुकान. फळांचा ढीग आणि ढिगाभोवती गर्दी.)

प्रसोंग : आले बघ तुझे विद्यार्थी! आज तर घरचे बत्तेच घेऊन आलेत.

लम्याय : विद्यार्थी काय म्हणतोस? गिऱ्हाइकं आहेत ती.

प्रसोंग : गिऱ्हाईक विकत घेतं गं. हे नुसते बडवतायत. लोकांना वाटेल, आपल्याकडे वरात आलीय. कुणी सांगितलं होतं फोनसमोर उभं राहून व्हिडिओत फुकट शिकवायला? पिकलेला दुरियन कसा ओळखावा, हे माझ्या बापाने मलासुद्धा लग्नानंतर सांगितलं!

लम्याय : तरीच लग्नात वाढलेला दुरियन दातांना लागत होता. अरे, शिकवलं म्हणून तर बँकॉकहून माणसं येतात. बाजार मला ‘आजान’ म्हणतो, आजान! मास्तरीणबाई! तुला काय म्हणतो?

प्रसोंग : आजानचा नवरा.

येनचित आजी (गर्दीतून, हातात बत्ता) : आजान, ऐक गं जरा. वाजवते हं. टक्. टक्.

लम्याय : मग आजी, काय शिकवलं होतं मी?

आजी : टक् टक् वाजला तर कच्चा, ठेवून द्यायचा. भद् भद् वाजला तर पिकला, उचलायचा.

लम्याय : शाब्बास! आता दुसरा वाजवा.

आजी : टक्.

लम्याय : तो पलीकडचा?

आजी : टक्. अगं, सगळा ढीगच टक् टक् करतोय. माझे कान गेले की काय?

लम्याय : कान ठणठणीत आहेत तुमचे. प्रसोंग! इकडे ये. मागे कुठे निघालास?

प्रसोंग : तराजू पुसतो.

लम्याय : काल मी बहिणीकडे गेले आणि माल तू भरलास. कुणाच्या बागेतला?

प्रसोंग : दादाच्या.

लम्याय : वाजवून घेतलास?

प्रसोंग : कसा वाजवणार? वहिनीने आधी जेवायलाच बसवलं. पोटभर भात, वर मासा, वर आणखी वाढ. त्यांचं खाऊन उठल्यावर त्यांच्याच फळावर टकटक करू? माणसाला लाज असते!

आजी : म्हणजे भात तू खाल्लास आणि दगड आम्ही खायचे?

लम्याय : आता मी काय करू ते सांग. पिकलाय म्हणावं, तर इथे प्रत्येकाला वाजवता येतं, मीच शिकवलंय. थांबावं, तर चार दिवसांनी सगळी गाडी एकदम पिकेल आणि एकदम फुटेल. गाडीभर माल मातीत, आणि माझ्या शब्दाची किंमतही.

प्रसोंग : एक युक्ती आहे. आत्ताच नवा धडा टाक. म्हणावं, आधी जरा उलट सांगितलं गेलं. टक् टक् म्हणजेच पिकलेला.

लम्याय : जीभ झडेल माझी! दुकान बंद करीन, पण खोटं शिकवणार नाही. फोन दे इकडे. आणि शेगडी पेटव.

प्रसोंग : फोन जाळतेस?

लम्याय : कढई ठेव रे! (फोनसमोर) नमस्कार मंडळी, आजचा धडा : नवऱ्याने भावाकडून गाडीभर कच्चा दुरियन आणला, तर काय करावं?

प्रसोंग : अगं, नाव तरी घेऊ नकोस!

लम्याय : हा बघा माझा नवरा, प्रसोंग. हात हलव. तर मंडळी, कच्च्याच्या पातळ चकत्या करायच्या, तेल चांगलं तापू द्यायचं, वरून मीठ. पिकलेला घेऊ नका, तेलात त्याचा लगदा होतो. (तळलेली चकती पुढे करत) आजी, चाखून सांगा.

आजी : थांब, बोलू नकोस. खाऊ दे.

लम्याय : कुरकुरीत आहे ना?

आजी : मला दोन दे. टक् टक् वाजणारेच हवेत हं! ए बाई, ढकलू नकोस, मी आधी आलेय!

प्रसोंग : आजी, हा घ्या. अख्ख्या ढिगात हा एकच भद् भद् वाजतोय, लोण्यासारखा!

आजी : शी! पिकलेला? तो तूच ठेव.

प्रसोंग : बघितलंस लम्याय? दादाने बरंच केलं म्हणायचं! उद्या पुन्हा जातो त्याच्याकडे. जेवायलाच.

आजी : आजान, याच्या डोक्यावर बत्ता हळूच मारून बघ गं. काय वाजतंय?

लम्याय : टक्.

आजी : मग? तळायचा की ठेवायचा?

लम्याय : ठेवते. इतकी वर्षं ठेवलाच आहे.